वस्तीच्या सभेला जागा कोठे?

वस्तीत सभा घ्यावयाची ठरली की कार्यकर्त्यांच्या बैठकीतील पहिला अर्धा तास वक्ता कोण असावा यावर खर्च होतो, दुसरा अर्धा तास पत्रकाच्या मजकुरावर. जागेचा विषय निघतो तो बैठक मोडता मोडता, चपला घालताना. "नेहमीच्याच ठिकाणी" एवढ्या दोन शब्दांत तो निकालातही निघतो. आणि मग सभेच्या आदल्या दिवशी कळते की नेहमीच्या ठिकाणी आता पत्र्याचे कुंपण उभे आहे, किंवा ते ठिकाण एका नव्या गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळात गेले आहे, किंवा पोलीस ठाण्यातून अर्जाला उत्तरच आलेले नाही. त्यानंतर जी धावपळ होते तिला संघटनकौशल्य म्हणण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः ती निष्काळजीपणाची भरपाई असते.

जागेचा प्रश्न हा सभेच्या व्यवस्थेतील एक किरकोळ तपशील आहे, ही समजूतच मुळात चुकीची आहे. ज्यांच्याकडे बंगला आहे, क्लबाचे सभासदत्व आहे, हॉटेलातील दालन भाड्याने घेण्याची ऐपत आहे, त्यांना एकत्र येण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. कारखानदारांची संघटना कोठे जमते हे कोणी विचारीत नाही. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तेथे शेजारच्या चार घरांनी एकत्र बसावयाचे म्हटले तरी दाराबाहेरची जागा लागते. आणि दाराबाहेरची जागा म्हणजे गल्ली, रस्ता, मैदान. श्रमिकांच्या बाबतीत सभास्वातंत्र्य आणि रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयासमोर एकदा फार स्पष्टपणे आले होते. त्या खटल्याची आठवण कार्यकर्त्यांना करून देणे आवश्यक आहे, कारण पोलीस ठाण्यातील टेबलापाशी तिचा उपयोग होतो. १९६९ साली ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशनने पुकारलेल्या विद्यार्थी-संपाच्या संदर्भात अहमदाबादेत पाचकुवा दरवाजाजवळ जाहीर सभा घेण्यासाठी हिंमतलाल शहा यांनी अर्ज केला. परवानगी नाकारण्यात आली. मुंबई पोलीस कायद्याखाली पोलीस आयुक्तांनी केलेल्या नियमांपैकी सातवा नियम असा होता की, लेखी परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर सभा घेता येणार नाही. पण परवानगी कोणत्या कारणास्तव द्यावी आणि कोणत्या कारणास्तव नाकारावी याविषयी नियम मूक होता. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सगळे. शहा उच्च न्यायालयात हरले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो नियम रद्दबातल ठरविला. सभेचे नियमन करण्याचा अधिकार राज्याला आहे, वाहतुकीसाठी आणि सुव्यवस्थेसाठी वाजवी अटी घालता येतील. परंतु रस्त्यावरील प्रत्येक सभा मनमानीने बंद करण्याचा अधिकार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात आणखी पुढे जाऊन म्हटले की मतप्रदर्शनासाठी रस्ता ही स्वाभाविक जागा असून काही लोकांना तर याखेरीज दुसरी जागाच नसते. न्यायासनावरून आलेले हे विधान कोणत्याही गिरणीच्या दरवाजावरील भाषणात शोभले असते.

मात्र त्या निर्णयाचा अर्थ हवा तेव्हा हव्या त्या चौकात सभा घेण्याचा हक्क, असा होत नाही. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने शांततेने व निःशस्त्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले. जमण्यासाठी जागा दिली नाही. ही उणीव किती खोल आहे हे १९६९ मधील एका दुसऱ्या निर्णयातून दिसते. रेल्वेच्या आवारात कामगारांना सभा घेता येतील काय, असा तेथे प्रश्न होता. रेल्वे ही सरकारी, म्हणजे जनतेच्या मालकीची, तेव्हा तिच्या मोकळ्या जागेत तेथेच राबणाऱ्यांनी कामाच्या वेळेबाहेर का जमू नये, असा साधा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. सरकार हे येथे मालक आहे, आणि आपल्या मालमत्तेवर सभा होऊ न देण्याचा कोणाही मालकाला असतो तो अधिकार रेल्वेलाही आहे, असे ठरले.

मराठीने येथे एक उपयुक्त भेद जपून ठेवलेला आहे. इंग्रजीतील 'पब्लिक' या एकाच शब्दासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत: 'सार्वजनिक' आणि 'सरकारी'. विहीर सार्वजनिक असते, बंगला सरकारी असतो. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सभेने 'सार्वजनिक' हे विशेषण घेतले ते सरकारहून वेगळे असे काही सांगण्यासाठीच. इंग्रजीतून अहवाल आणि ठराव उतरविताना हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बेफिकिरीने वापरले जातात आणि मग भाषेतील गोंधळ विचारात शिरतो. मैदान महापालिकेचे आहे म्हणून ते सार्वजनिक ठरत नाही. तेथे कोण बसू शकतो, किती वाजेपर्यंत, किती अनामत रक्कम भरून, यावरून ते ठरते.

मुंबईचे उदाहरण घ्यावे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या त्या बांधताना कामगारांनी सभा घ्याव्यात असा साम्राज्य सरकारचा हेतू खासच नव्हता. एकेका इमारतीत ऐंशी खोल्या, एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, मधून जाणारा अंधारा पॅसेज. परंतु दोन इमारतींच्या मध्ये जे पटांगण सुटले ते कामगारांनी आपले केले. खोलीत मावत नाही म्हणून माणूस बाहेर येतो, आणि बाहेर दुसरा भेटतो. संघटनेची सुरुवात ही अशी क्षुल्लक असते. १९२८ च्या सुमारे सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपात, ज्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, गिरणीच्या दरवाजावरची सभा जितकी महत्त्वाची होती तितकेच चाळीतील संध्याकाळचे बसणेही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून जे रंगमंच वापरले त्यांपैकी कितीएक तर दोन चाळींमधील अशा जागाच होत्या. खिडक्या आणि गॅलऱ्या हेच प्रेक्षागृह. तिकीट नाही, भाडे नाही, आणि विशेष म्हणजे बायकांना घर सोडून दूर यावे लागत नाही.

त्या गिरणगावाच्या जमिनीचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे, तरीही सभेच्या दृष्टीने ते पुन्हा पाहावयास हवे. सुमारे ६०० एकर गिरणी जमिनींच्या पुनर्विकासासाठी १९९१ च्या नियमावलीत स्थूलमानाने तीन वाटण्या कल्पिल्या होत्या: एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियमात असा बदल झाला की ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ रिकाम्या असलेल्या भागाला लागू झाली. शब्द थोडेच बदलले. मैदाने मात्र कागदावरूनच नाहीशी झाली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. आज तेथे काचेच्या इमारती आणि मॉल आहेत. मॉलमध्ये दिवसाला हजारो माणसे येतात, पण ती जमत नाहीत. दहाजण एका ठिकाणी दहा मिनिटे उभे राहून कागद वाटू लागले की गणवेशातील रखवालदार येतो, आणि तो रखवालदारही बहुधा कोकणातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या एखाद्या कामगाराचाच मुलगा असतो. चाळींचाही पुनर्विकास चालू आहे आणि २०२५ साली वरळीत नव्या घरांचे पहिले ताबे देण्यात आले. मोठे घर, स्वतःचे शौचालय, उद्वाहन यांवर हक्क सांगणाऱ्या माणसाला चाळीच्या गोडव्यांची गाणी ऐकविणे हा उद्दामपणा होईल. तो हक्क त्याने लढून मिळविलेला आहे. प्रश्न असा आहे की चाळिसाव्या मजल्यापर्यंत उभ्या पसरलेल्या वस्तीत शेजारी एकमेकांना भेटणार कोठे? उद्वाहनात सभा होत नाही.

नव्या इमारतींत 'सोसायटीचे सभागृह' असते, हे खरे. त्याचे नियम वाचण्यासारखे असतात. वाढदिवस चालतो, सत्यनारायण चालतो, योगवर्ग चालतो. 'राजकीय स्वरूपाचा कार्यक्रम' चालत नाही. पाण्याच्या दराविषयीची चर्चा राजकीय की अराजकीय, हे कार्यकारिणी ठरविते. भाडेकरूंना मज्जाव असतो, मग त्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांचे नावच काढावयास नको. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण नोंदणीचा अर्ज भरण्यासाठी वीस जणींनी एकत्र बसावयाचे कोठे, याची सोय कोणत्याही कायद्यात नाही. त्यांना मोकळा वेळ मिळतो तो सकाळची कामे आटोपल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दुपारी. अनेक शहरांतील उद्याने नेमकी दुपारीच बंद असतात. सकाळी फिरावयास येणाऱ्यांच्या आणि संध्याकाळी मुलांना आणणाऱ्यांच्या सोयीने ती वेळ ठरलेली असते. दुपारी बसणारी व्यक्ती ही रिकामटेकडी, अशी त्यामागची धारणा. मग या सभा जिन्याखाली, बसथांब्यावर किंवा एखाद्या देवळाच्या पायरीवर होतात, तेही त्या देवळात सर्वांना बसू देत असतील तर.

कलकत्त्याची स्थिती फार वेगळी नाही. तेथील जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूने जो सिमेंटचा ओटा असे, ज्याला 'रोयाक' म्हणतात, त्यावर 'पाड्या'तील तरुणांचा अड्डा बसत असे. (बंगाली 'पाडा' आणि आपला 'पाडा' सख्खे भाऊ आहेत, फक्त एक शहरात राहिला आणि दुसरा जंगलात.) घरांच्या जागी फ्लॅट आले, आणि ओट्याच्या जागी मोटारींसाठी लोखंडी दार.

याउलट केरळने एक मार्ग दाखविला होता. १९४५ साली अंबलपुझा येथे पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने सत्तेचाळीस ग्रंथालयांनी संघ स्थापन केला आणि त्यातून गावोगाव वाचनालयांचे जाळे विणले गेले. त्या वाचनालयातील एक खोली, एक बाक आणि रोजचे वर्तमानपत्र हीच वस्तीची कायमची सभा. तेथे जमण्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही. महाराष्ट्रात गावच्या वाचनालयांची परंपरा याहून जुनी आहे. पण येथे वाचनालय म्हणजे पुस्तके बदलून घेण्याचे ठिकाण, असेच होऊन बसले. परंतु त्याच केरळात २०१० साली उच्च न्यायालयाने रस्त्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला सभा घेण्यास मनाई केली, आणि पुढील वर्षी राज्याला त्याविषयी कायदा करावा लागला. मनाईवर टीका करणे सोपे होते आणि ती करण्यात आलीही. पण डिसेंबर २०२४ मध्ये तिरुवनंतपुरमच्या वंचियूर भागात एका डाव्या पक्षाच्याच परिषदेसाठी रस्त्यात मंडप घालून वाहतूक अडविण्यात आली आणि नेत्यांना न्यायालयात हजर व्हावे लागले, तेव्हा कोणत्या तोंडाने टीका करावयाची? रुग्णवाहिका अडकून पडली की तिच्यातील रुग्ण बहुधा सरकारी रुग्णालयाकडे निघालेला असतो. रस्ता श्रमिकांचे सभागृह आहे, तसाच तो त्यांचा कामावर जाण्याचा मार्गही आहे. गणेशोत्सवाच्या मंडपांनी पादचाऱ्यांची वाट अडविली की जे कार्यकर्ते पत्रक काढतात त्यांनी आपल्या मंडपाची रुंदी मोजू नये, हे अजब आहे.

परवानग्यांच्या जंजाळाविषयी येथे थोडक्यात सांगितलेले बरे, कारण तिच्या भीतीनेच निम्म्या सभा रद्द होतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १४४ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ वे झाले आहे. आकडा बदलला, अधिकार तोच. ते कलम घटनाविरोधी नाही असे १९६१ साली ठरले, आणि तो खटलाही नागपुरातील कापडगिरणी कामगारांच्या दोन संघटनांतील वादातून निर्माण झालेल्या आदेशाविषयी होता. शिवाय महाराष्ट्रात पोलीस कायद्याचे ३७ वे कलम आहे. त्याखालील जमावबंदी पंधरा दिवसांहून अधिक काळ चालू ठेवावयाची तर राज्य सरकारची मंजुरी लागते. व्यवहारात मात्र एक आदेश संपला की दुसरा निघतो आणि वर्षाचे बहुतेक दिवस शहर कागदोपत्री जमावबंदीतच असते. अशा वेळी लग्नाची वरात निघते, बाजार भरतो, आणि बंदी आठवते ती फक्त वेतनवाढीच्या सभेला. म्हणूनच अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि नकारही लेखी मागावा. तोंडी नकाराविरुद्ध कोणतेही न्यायालय उघडत नाही. हिंमतलाल शहांच्या हाती नकाराचा कागद होता.

ध्वनिवर्धकाचे तर इतके प्रस्थ माजले आहे की कर्णा नाही तर सभा नाही, असे मानले जाते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि एरवीही लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. हे नियम श्रमिकांच्या विरोधात आहेत, असे काही कार्यकर्ते म्हणतात. ते पटण्यासारखे नाही. रात्रपाळी करून आलेला कामगार, परीक्षेला बसलेली मुलगी आणि तापाने फणफणलेले मूल ज्या वस्तीत पातळ भिंतीआड झोपते, तेथे शांततेची गरज बंगल्याहून अधिक आहे. ऐंशी माणसांच्या पटांगणातील सभेला कर्ण्याची गरज नसते. वक्त्याने उंच व्यासपीठ सोडून माणसांच्या मध्ये उभे राहावे, एवढेच त्यासाठी हवे. अर्थात काही वक्त्यांना ते जड जाते.

सभेची वेळ ही अशीच वक्त्यांच्या सोयीने ठरते. संध्याकाळी सात ही वेळ कार्यकर्त्यांना सोयीची. पण त्या वेळी वस्तीतील स्त्री चुलीपाशी असते आणि अनेक ठिकाणी नळाला पाणीही तेव्हाच येते. मग सभेला बायका आल्या नाहीत म्हणून 'जागृतीचा अभाव' असा शेरा अहवालात येतो. अभाव जागृतीचा नसून पाण्याच्या वेळापत्रकाच्या ज्ञानाचा असतो. सभा ठरविण्यापूर्वी वस्तीतील चार घरी जाऊन पाणी केव्हा येते, पाळ्या केव्हा बदलतात, आठवड्याचा बाजार कोणत्या वारी भरतो, आणि सभेची जागा कोणाच्या दारासमोर येते हे विचारणारे कार्यकर्ते विरळाच. जागा सर्वांची वाटत असली तरी तिला अलिखित मालक असतात, आणि गावाप्रमाणे शहरातही काही पारांवर सगळ्या जाती सारख्याच मोकळेपणाने बसत नाहीत. ज्या ओट्यावर अर्धी वस्ती टेकत नाही त्या ओट्यावर घेतलेली सभा अर्ध्या वस्तीचीच होते, मग फलकावर 'सर्व नागरिक' असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असो.

आणि जागा कोणाची, हा प्रश्न कधीकधी प्राणांवर बेततो. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीला लागून असलेल्या साहिबाबादजवळच्या झंडापूर या कामगारवस्तीत 'जन नाट्य मंच' 'हल्ला बोल' हे पथनाट्य करीत होता. नगरपालिकेची निवडणूक चालू होती. रंगमंच म्हणजे वस्तीतील रस्ता, पडदा नाही, दिवे नाहीत. विरोधी उमेदवाराच्या लोकांनी प्रयोगावर हल्ला केला. राम बहादूर हा कामगार ठार झाला आणि दुसऱ्या दिवशी सफदर हाश्मी यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय चौतीस वर्षांचे होते. हल्लेखोरांना नाटकाविषयी काय वाटत होते हे महत्त्वाचे नाही. त्यांचे म्हणणे रस्ता मोकळा करा एवढेच होते, म्हणजे हा रस्ता कोणाचा ते त्यांना ठरवावयाचे होते. ४ जानेवारी रोजी मलयश्री हाश्मी आणि त्यांचे सहकारी त्याच वस्तीत परत गेले आणि अर्धवट राहिलेला प्रयोग त्याच जागी त्यांनी पुरा केला.

त्या दिवशी त्यांनी प्रयोग दिल्लीतील एखाद्या बंदिस्त नाट्यगृहात केला असता तर सहानुभूतीने भरलेले सभागृह मिळाले असते आणि टाळ्याही अधिक झाल्या असत्या. झंडापूरचे कामगार मात्र तिकडे आले नसते.